वाचणारीचे पापड

वैशाख लागला की आमच्या महिला मंडळाच्या वाचनालयातल्या पुस्तकांना हिंगाचा वास येऊ लागतो. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं तर ते आधी हसतात आणि मग एखादं पुस्तक उचलून हळूच नाकाशी नेतात. न्या खुशाल. कालच मी तिथून एक जुनी कादंबरी घरी आणली. मधल्या पानांच्या बेचक्यात उडदाचं पीठ अजून बसलेलं होतं आणि एका कोपऱ्यावर तेलाचा अंगठा उमटला होता. तो कोणाचा, हे सांगता येणार नाही. पण सही न येणाऱ्या बाईचा तो नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

आमचं गाव वाशीमहून अनसिंगकडे जाताना लागतं. या दिवसांत बघण्यासारखं काही नसतं तिथे. तुरी, हरभरे घरात येऊन पडलेले असतात, काळी रानं भेगाळलेली असतात, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण गावाच्या माथ्यावर पाहावं. प्रत्येक छतावर, प्रत्येक बाजेवर जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यांवर कुरडया, शेवया, पापड. बाया मान वर करून आधी आभाळ बघतात आणि मग कावळे. या दिवसांत कोणाच्या घरी जाऊन ‘काय चाललंय’ विचारायचं नसतं. हात धुवायचे आणि बसायचं.

वाचनालयाची खोली समाजमंदिराला लागून आहे. दारात पाण्याची बादली असते आणि वर भिंतीवर लिहिलंय, ‘हात धुऊन पुस्तक घ्यावे’. आत लोखंडी कपाटं, एक पंखा, खाली चटया. आणि मधोमध एक घडीची लोखंडी खुर्ची. तिच्या पाठीवर कोण्या मंडपवाल्याचं नाव अर्धवट उरलंय. कोणाच्या तरी लग्नात ती आली आणि परत गेलीच नाही. पत्रा दोनदा बदलून झाला, पण खुर्ची टाकायला कोणी तयार नाही. वर्धापनदिनाला तालुक्याहून कोणीतरी येतं आणि दूरदृष्टीच्या महिलांनी ज्ञानाची ज्योत कशी लावली ते सांगतं. आम्ही टाळ्या वाजवतो. मग एकमेकींकडे बघतो आणि पदर तोंडाशी नेतो. ज्योतबीत कसली? आमचं वाचनालय एका थांबलेल्या आगगाडीमुळे निघालं.

त्या वर्षी मी या गावात नवी नवरी होते. वाशीमच्या कॉलेजात शिकलेली, बी.ए. झालेली, आणि उडदाचं पीठ कुटायला बसवलेली. पापडाचं काम ज्यांनी केलंय त्यांना कुटणं म्हणजे काय ते सांगायला नको. हिंग, मिरे, पापडखार घालून घट्ट मळलेला गोळा तेलाचा हात लावून दगडावर ठेवायचा आणि मुसळीनं ठेचायचा, ताणायचा, पुन्हा ठेचायचा. खांदे निखळायला येतात. हे काम सुनांचं. मग त्याच्या वळ्या करून लाट्या पाडायच्या, त्या ओल्या फडक्याखाली परातीत ठेवायच्या, आणि मोठ्या बायांनी पोळपाट पुढे ओढून लाटायचं. लू आत आली तर लाटी सुकते, म्हणून दारं लोटलेली. खोलीत तेलाचा, हिंगाचा आणि घामाचा वास. कूलर लावायचा नाही, पापड उडतो. अधूनमधून कोणीतरी लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची आणि इतरांनी तिला ‘अव, पापड होऊ दे की’ म्हणून दटावायचं. दटावणारीच्या गालात तेव्हा आधीची लाटी असायची.

आज या घरचे, उद्या त्या घरचे, अशी पाळी होती. सगळ्यांनी सगळ्यांचे लाटायचे. घर आमचं मोठं म्हणून सुरुवात आमच्याकडे आणि कारभार माझ्या सासूचा. आत्याबाई म्हणत असू त्यांना आम्ही. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. दुसरीपर्यंत शाळा झालेली, पण हिशेब आणि माणूस दोन्ही एका नजरेत ओळखायच्या. गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष त्याच. मंडळ म्हणजे काय, तर ग्रामपंचायतीच्या भिंतीला एक पाटी होती. झेंडावंदनाला पिवळ्या साड्या नेसून उभं राहायचं आणि संक्रांतीला वाण वाटायचं, इतकंच मंडळाचं काम. अशी मंडळं त्या काळात गावोगाव निघाली होती. कितीतरी पाटीवरच संपली. आमचंही संपलं असतं.

मंडळाला सचिव हवी होती आणि सचिवाला लिहिता यायला हवं होतं. म्हणून सुमनबाई. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धपुरा आहे, तिथल्या त्या. नवरा बस कंडक्टर. स्वतः दहावी पास, मोत्यासारखं अक्षर. बारीक अंगाची, ताठ मानेची बाई. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची, आणि ही तिची सवय गावात बऱ्याच जणांना आवडत नसे. मला फार आवडायची.

त्या दिवशी सुमनबाई कसल्याशा नोटिसीवर अध्यक्षांची सही घ्यायला आल्या. अध्यक्षांचे हात पिठात. तोवर बसा म्हणून आत्याबाईंनी मला खुर्ची द्यायला सांगितली. मी तीच लोखंडी खुर्ची उघडून दाराजवळ ठेवली. आम्ही सगळ्या खाली, सुमनबाई वर. बसल्या बसल्या त्यांनी जमिनीवरचा कागद उचलला. पापडखार ज्यात बांधून आला होता तो. पुस्तकाचं फाटलेलं पान होतं.

‘‘काय लिवलं हाये वं त्याच्यात?’’ कांताबाईंनी विचारलं. कांताबाई आमच्या भाऊबंदांतल्या, शेजारीच राहायच्या. तोंड दिवसभर चालू, पण पापड सगळ्यांत पातळ.

सुमनबाईंनी वाचलं. एक सून माहेरचा निरोप ऐकते आणि चुलीवरचं दूध उतू जातं, एवढंच होतं. पान संपलं.

‘‘मंग? निरोप काय होता?’’

‘‘कागद इथंच फाटला, बाई.’’

‘‘अव माय! असा कसा फाटला?’’ कांताबाई जणू दुकानदारानं मापात मारलं अशा संतापल्या. सुमनबाई हसल्या. म्हणाल्या, ‘‘माह्या घरी पेटीभर पुस्तकं हायेत. पाह्यजे तं उद्या आणतो एखादं.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणलं ते जाडजूड पुस्तक. पहिली पानं गळलेली, पुठ्ठा नाही, त्यामुळे नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. रत्ना नावाच्या सुनेची गोष्ट होती. सुमनबाईंचा आवाज मोठा नव्हता, पण वाचायला लागल्या की खोलीतली लाटणी आपोआप हळू व्हायची. रत्नाची सासू बोलायला लागली की त्या आवाज असा बदलायच्या की बायांना आपापल्या सासवा आठवायच्या. माझी तर समोरच बसली होती. त्या दिवसांतले पापड पाहिले तर गोष्ट कुठे पोचली होती ते सांगता आलं असतं. रत्नाचं लेकरू आजारी पडलं त्या दिवशीचे सगळे जाड. दिराला ती चार शब्द सुनावते त्या दिवशीचे असे पातळ की खालचं लुगडं दिसत होतं.

आता कोणी विचारेल, घरात बी.ए. झालेली सून असताना वाचायला बाहेरची बाई कशाला? विचारलं होतं एकीनं. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘सून वाचंन तं कुटंन कोण?’’ विषय संपला. खरंच होतं ते. सुनेनं खुर्चीवर बसून वाचायचं आणि सासवांनी खाली बसून ऐकायचं, इतका उलटा वारा तेव्हा आमच्या गावात वाहत नव्हता.

आणि एक ठराव झाला. ठराव म्हणजे कांताबाई बोलल्या आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. वाचणारीचे पापड बाकीच्यांनी लाटायचे. ज्या घरची पाळी, त्या घरातून सुमनबाईंच्या वाट्याचे वाळलेले पापड फडक्यात बांधून पोचते करायचे. मला हा नियम ऐकून भरून आलं होतं. शेतात एकमेकींच्या कामाची फेड होते तशी वाचनाचीही फेड होते, वाचणंही काम आहे, हे कोण्या पुस्तकात न वाचता या बायांनी ठरवलं होतं. आजही मला त्याचं कौतुक वाटतं. पण त्या कौतुकाला एक काटा आहे.

सुमनबाईंना खुर्ची का, हे मला आठवडाभरात कळलं. सगळ्यांनाच कळत होतं, मी नवी म्हणून उशीर. त्यांच्या चहाची कपबशी खिडकीच्या कोपऱ्यात वेगळी असे. खुर्ची दाराजवळ असे. मान होता, नाही असं नाही. पण वाचणाऱ्या हाताचा पिठाला स्पर्श होत नाही, यात सगळ्यांची सोय होती. सुमनबाईंच्या घरची पाळी लागायची नाही, त्यांच्या परातीतल्या लाटीला कोणाला हात लावावा लागायचा नाही. पापड घरपोच होते, मग वाईट काय? मी कुटता कुटता त्या खिडकीतल्या कपाकडे बघायची आणि माझा घाव चुकायचा. सुमनबाईही बघत असणार. त्यांची नजर कधी काही सोडत नसे.

रत्ना एका पहाटे सासर सोडते. गाठोडं घेऊन स्टेशनावर येते. आमच्या बायांच्या डोळ्यांपुढे वाशीमचंच स्टेशन उभं राहिलं असणार, कारण कांताबाई मध्येच म्हणाल्या, ‘‘निंबाखाली बसली असंन.’’ गाडी येते. रत्ना पायरीवर एक पाय ठेवते. आणि पाण्याचा घोट घ्यायला सुमनबाई थांबल्या.

त्या क्षणाला कांताबाईंना थट्टा सुचली. मनात काही नव्हतं हो त्यांच्या. म्हणाल्या, ‘‘बाई, तुमचं बरं हाये. खुर्चीवर बसाचं, वाचाचं, अन् पापड घरपोच. मले बी असंच पाह्यजे.’’

सुमनबाईंनी पुस्तक पालथं घातलं.

‘‘मंग या, बसा खुर्चीवर. मी लाटतो.’’

त्या उठल्या. दारातल्या बादलीत हात धुतले, पदराला पुसले, आत्याबाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि परातीतल्या लाटीकडे हात केला. आत्याबाईंनी परात ओढली.

फार नाही. चार बोटं. त्यांचं लाटणंही थांबलं नव्हतं, डाव्या हातानं ओढली. सुमनबाईंचा हात तसाच पुढे राहिला थोडा वेळ. मग त्यांनी तो मागे घेतला, उठल्या, खुर्चीवरचं पुस्तक काखेत मारलं आणि लोटलेलं दार उघडून उन्हात निघून गेल्या. दारातून लू आत आली आणि परातीतल्या लाट्या सुकायला लागल्या. फडकं टाकायचं भान कोणालाच नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला आजही नीट आठवतात, कारण इतकी वाईट शांतता मी त्या घरात पुन्हा अनुभवली नाही. काम चालूच होतं, उडीद काही कोणासाठी थांबत नाहीत. पण लाटणी नुसतीच वाजायची. गाडी स्टेशनात उभी होती. रत्नाचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा खाली. बायांना झोप लागेना.

‘‘चढली असंन,’’ एकजण म्हणे.

‘‘लेकराले सोडून? आपण चढलो असतो का?’’

‘‘आपण कायले चढतो? आपल्याले पायरीपरेंत तरी कोण जाऊ देते?’’

यावर कोणी हसलं नाही. कांताबाईंनी तर थट्टा करणंच टाकलं होतं. त्या सारख्या स्वतःला बोल लावत होत्या, आणि लावता लावता एकदा आत्याबाईंकडे वळल्या. नात्यानं त्या आत्याबाईंना वैनी म्हणत.

‘‘वैनी, तुमी परात काहून ओढली?’’

आत्याबाईंनी हातातला पापड पुरा केला, पुढची लाटी घेतली. मग लाटता लाटताच म्हणाल्या, ‘‘म्या नाई ओढली. हात गेला. माह्या मायचा बी असाच जाये.’’

‘‘हात तं आपलाच असते ना वैनी.’’

एवढंच. पण मी समोर होते. आत्याबाईंनी लाटणं ठेवलं, डावा हात उलटा-सुलटा करून पाहिला, जणू कोणाचा तरी राहून गेलेला हात त्यांच्याकडे आला होता.

इथे थोडं थांबते, आजच्याविषयी सांगते. कारण पुढचं सांगायला लागले की मला मध्ये थांबता येत नाही.

आज आमच्या मंडळाची चार कपाटं भरून पुस्तकं आहेत. पहिल्या कपाटातली पहिली फळी सुमनबाईंच्या पेटीतली. ती पेटी देताना त्यांनी घातलेली अट एकच होती, पुस्तक कोणालाही मिळेल, घरी न्या, वाचा, परत आणा. पापड लाटताना आता वाचणारी रोज बदलते. आज हिची पाळी तर उद्या तिची, कोणाला सूट नाही. आणि ज्या बाईची पाळी उद्या असते ती आदल्या दिवशी पुस्तक घरी नेते, कारण चारचौघींत अडखळायची लाज असते. आमच्या वाचनालयातून पुस्तकं घरोघरी जायला लागली ती अशी, पाळीच्या धास्तीनं. चौथीत शाळा सुटलेल्या बाया चुलीपुढे बसून ओळी घोकायच्या. कांताबाईंनी पुस्तक पिठाच्या डब्यात लपवलं होतं, नवऱ्यानं हसू नये म्हणून. नवऱ्याला ते सापडलं आणि तोच वाचत बसला, मग यांची पाळी हुकली आणि घरात महाभारत झालं. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला पुस्तकांबरोबर मूठभर शेंगा, दोन लिंबं, कढीपत्त्याची काडी असं काहीबाही यायचं. एकीनं साखरेची पुडी थेट पानांत ठेवली आणि सगळ्या फळीला मुंग्या लागल्या. तेव्हापासून पुस्तक रिकामं परत करायला परवानगी आहे.

आमच्या गावातून सासरी गेलेल्या लेकी ही पद्धत सोबत घेऊन गेल्या. शिरपूरकडे एकीनं सुरू केलंय, मानोऱ्याजवळच्या तांड्यावर दुसरीनं. तिथल्या बाया ऊस तोडायला जाताना बोचक्यात पुस्तक नेतात आणि उन्हाळ्यात परत आणतात. काळं पडलेलं, फुगलेलं, पण परत आणतात. सगळं मशीनवर होतं आता, शेवया मशीनवर, पापड बचत गटाचे पाकिटात. तरी वैशाखात वाचनालयाच्या चटयांवर पोळपाट लागतातच. खरं सांगू, पापड आता निमित्त आहे. पूर्वी वाचन निमित्त होतं.

सुमनबाई येतात. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालीय, बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पाळीतून त्यांना एकट्यांना सूट. खाली बसतात, चटईवर, परातीच्या अगदी जवळ. कांताबाई गेल्यापासून गावात सगळ्यांत पातळ पापड त्यांचा. मी परवा विचारलं, ‘‘वाचावंसं वाटत नाही का हो?’’ तर म्हणाल्या, ‘‘दुसरीनं वाचलेलं कानाले गोड लागते, पोरी.’’ माझे केस पांढरे झाले तरी मी पोरच आहे त्यांची.

तर त्या वैशाखात. दुपार अशी होती की अंगणातल्या दगडावर पाय ठेवला तर कातडं चिकटावं. आत्याबाईंनी त्या दिवशी लाट्या पाडून झाल्या तरी पोळपाट मांडू दिले नाहीत. परातीवर ओलं फडकं घट्ट बसवलं, डोक्यावर चुंबळ ठेवली, परात डोक्यावर घेतली आणि चपला घातल्या. मला म्हणाल्या, ‘‘पोळपाट घे.’’ कुठे, हे मी विचारलं नाही. कांताबाईंनी मात्र काय समजायचं ते समजून दाराजवळची लोखंडी खुर्ची मिटली आणि डोक्यावर घेतली. ‘‘असू द्या, उन्हाचं छत्र बी होते,’’ म्हणाल्या. अशी आमची वरात निघाली. पुढे परात, मागे खुर्ची, त्यामागे लाटणी घेतलेल्या बाया. पारावर बसलेले बापे उठून बघायला लागले. एकानं विचारलं, ‘‘काय काकू, कुठं?’’ आत्याबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘मंडळाच्या कामाले.’’ मला वाटतं, त्या मंडळाचं ते पहिलं काम.

सुमनबाई अंगणातल्या निंबाखाली डाळ निवडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत. आत्याबाईंनी परात उतरवली आणि त्यांच्या पुढ्यात, अगदी गुडघ्याला लागेल अशी ठेवली. फडकं काढलं.

‘‘त्या दिवशी परात ओढली तो हात माहाच होता,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘आज आणली तो बी माहाच हाये. लाट.’’

सुमनबाई त्यांच्या डोळ्यांत बघत राहिल्या. ‘नाही’ म्हणायचा त्यांना पुरता हक्क होता आणि त्या म्हणाल्या असत्या तर आम्ही परात उचलून आल्या वाटेनं गेलो असतो, आणि गावात पुन्हा कोणी कधी परात उचलली नसती.

‘‘अन् उद्या?’’ सुमनबाईंनी विचारलं.

‘‘उद्या कांताच्या घरी. चटईवर, माह्या बाजूले. परवा तुह्या उडदाचे, इथंच.’’

सुमनबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या तांब्या-पेला घेऊन. पाणी आत्याबाईंपुढे धरलं. आम्ही सगळ्या आत्याबाईंच्या गळ्याकडे बघत होतो. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि पूर्ण प्याल्या, तहान लागलेल्या बाईसारख्या, आणि पदरानं तोंड पुसून पेला पुन्हा पुढे केला. ‘‘आखीन दे. ऊन लई हाये.’’

मग सुमनबाईंनी आतून एक पत्र्याचा डबा आणला. झाकण उघडलं तर पापड. आमचेच. फडक्यांत बांधून मीच पोचवलेले, एकावर एक तसेच रचलेले.

‘‘अव बाई, खाल्ले नाई तुमी?’’ कांताबाईंना राहवलं नाही.

‘‘घशाखाली उतरले नाईत.’’

सुमनबाईंनी अंगणातल्या चुलीवर कढई ठेवली, तेल तापवलं आणि ते पापड तळले. एकेक पापड कढईत फुलायचा, त्या तो झाऱ्यानं उचलायच्या आणि बाईच्या हातात द्यायच्या. प्रत्येकीच्या, नेमका हातात. आम्ही आमचेच पापड तिच्या हातून खाल्ले. कांताबाई खाताना रडत होत्या आणि ‘मिरे जास्त झाले वाट्टे’ म्हणत होत्या. मिरे अगदी बेतशीर होते.

बाजेवर लुगडं अंथरलं. पोळपाट मांडले. सुमनबाईंनी हात धुतले, परातीतली लाटी घेतली आणि लाटायला लागल्या. पहिला पापड जरा जाड झाला. आत्याबाईंनी तो त्यांच्याकडून घेतला आणि स्वतःच्या हातानं बाजेवर टाकला, आपल्या पापडाच्या शेजारी. थोड्या वेळात बाज भरली आणि कोणता पापड कोणाच्या हातचा, ते ओळखायची सोय उरली नाही.

‘‘अन् खुर्ची कायले आणली?’’ सुमनबाईंनी विचारलं.

‘‘तुमच्यासाठी,’’ कांताबाई म्हणाल्या. ‘‘गाडी उभी हाये ना बाई स्टेशनात. आमचा जीव टांगला हाये.’’

‘‘माहे हात पिठात हायेत. पुस्तक खिडकीत हाये. वाचा कोणी बी.’’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठणार, तेवढ्यात सुमनबाई म्हणाल्या, ‘‘सूनबाई नाई. तिले येते. काकू, तुमी वाचा.’’

आत्याबाईंना आयुष्यात कोणाला घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. ‘‘मले कुठं येते? दुसरीत सुटली माही शाळा.’’ कोणी ‘राहू द्या’ म्हणालं नाही. निंबाची सावली सरकली होती, खुर्ची उन्हात तापली होती. मी तिच्यावर ओलं फडकं टाकलं. आत्याबाई हात धुऊन तिच्यावर बसल्या, अगदी कडेला, पाहुण्याच्या घरी बसावं तशा. मी पुस्तक उघडून ओळ दाखवली. त्यांनी ओळीखाली बोट ठेवलं. पिठाचं पांढरं त्या बोटाच्या नखात अजून होतं.

‘‘गा… डी… नं…’’

लाटणी चालू होती. त्यांचा आवाज फाटत होता, कपाळावरून घाम पानावर पडत होता. ‘‘शि… ट्टी… दि… ली.’’ एवढं वाचायला त्यांना इतका वेळ लागला की दोन बायांचे पापड लाटून झाले. पुढचा शब्द जोडाक्षराचा होता. त्या थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. मान वर करून सुमनबाईंकडे बघत, शाळेतल्या पोरीसारख्या म्हणाल्या, ‘‘तुले तं ठाऊक हाये. सांगून टाक ना, चढली का ती?’’

सुमनबाईंना सगळी गोष्ट पाठ होती. एका शब्दात सांगता आलं असतं. त्यांनी परातीतून दुसरी लाटी घेतली, पोळपाटावर ठेवली आणि त्या आत्याबाईंकडे बघून हसल्या. त्या वैशाखातलं त्यांचं पहिलं हसू.

‘‘तुमी वाचा, काकू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पापड वाळेपरेंत आमी कुठं जात नाई.’’